मेकॅनिकल डिप्लोमानंतर शिकाऊ उमेदवारी (अप्रेंटिसशिप) घ्यावी का, आणि त्या वर्षात नेमके काय करावे?

मारेगाव तालुक्यातील एका शेतकरी पालकांचा प्रश्न असा आहे. मुलाने यंदा मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा पूर्ण केला. चंद्रपूर जिल्ह्यातील एका सिमेंट कारखान्याकडून त्याला एक वर्षाच्या शिकाऊ उमेदवारीचे पत्र आले आहे. त्याच वेळी वणी परिसरातील कोळसा खाणीत कामे घेणारा एक ठेकेदार त्याला महिना चौदा हजारांवर लगेच ठेवून घ्यायला तयार आहे, आणि गावाजवळच्या जिनिंग-प्रेसिंगच्या (कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्याच्या) मालकांनीही ‘घरी राहून ये, काम शिक’ असे म्हटले आहे. घरची शेती कोरडवाहू, त्यामुळे विद्यावेतनातून खोलीभाडे आणि खानावळ भागेल का ही चिंता आहे. आणि वर्ष संपल्यावर कारखाना ‘आता निघा’ म्हणाला तर वर्ष वाया गेले असे समजावे का, हा त्यांचा खरा प्रश्न आहे.

माझे उत्तर शिकाऊ उमेदवारीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. सिमेंट कारखान्याच्या यांत्रिक देखभाल विभागात माझी नोकरी गेली आणि दरवर्षी येणाऱ्या शिकाऊ मुलांची वाटणी बरीच वर्षे माझ्याकडे होती. त्या मुलांपैकी कोण पुढे गेले आणि कोण जागच्या जागी राहिले, हे पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की कारखान्याच्या नावाने फारसा फरक पडत नाही. त्या वर्षात मुलाच्या डोळ्यांसमोर किती यंत्रे उघडली गेली आणि त्यांपैकी किती यंत्रांना त्याचा हात लागला, याने पडतो. चालू यंत्र पाहून मेकॅनिकलचा मुलगा फारसे शिकत नाही. कव्हर काढले, शाफ्ट बाहेर आला, बेअरिंगच्या रिंगवरचा झिजेचा पट्टा दिसला, की पुस्तकातील अर्धी वाक्ये एका दिवसात कळतात. म्हणून तिन्ही पर्याय याच कसोटीवर तपासावेत.

आधी एक बाब, जी बहुतेक पालकांना कोणी सांगत नाही. डिप्लोमा किंवा पदवी झालेल्या उमेदवाराकडे एक वर्ष किंवा त्याहून अधिक नोकरीचा अनुभव असेल, तर शिकाऊ उमेदवारीच्या जाहिरातींमध्ये त्याला सामान्यतः अपात्र धरले जाते. उत्तीर्ण होण्याच्या वर्षाचीही मर्यादा बहुधा असते, आणि एकदा उमेदवारी पूर्ण केली की त्याच पातळीवर ती पुन्हा करता येत नाही. याचा अर्थ, ठेकेदाराकडील काम पुढच्या वर्षीही मिळेल, पण ते आधी घेतले तर उमेदवारीचे दार बंद होण्याचा संभव आहे. ज्या गोष्टीला मुदत आहे ती आधी करावी, एवढा साधा हिशोब येथे पुरेसा आहे.

पैशांचे बोलायचे तर, २०१९ च्या सुधारित नियमांप्रमाणे किमान विद्यावेतन आयटीआय उत्तीर्णांना ७,०००, डिप्लोमाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना ९,००० रुपये ठरले. २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ५,००० ते ९,००० रुपयांची एकूण श्रेणी वाढवून ६,८०० ते १२,३०० रुपये करावी, अशी शिफारस केली. त्यामुळे इतरांच्या तोंडचा आकडा न धरता स्वतःच्या करारावर काय लिहिले आहे ते वाचावे. हा किमान आकडा आहे. बरेच मोठे कारखाने त्याहून जास्त देतात, शिवाय काही ठिकाणी कॅन्टीन सवलतीत आणि बस मोफत असते. या दोन गोष्टी पत्रात नसल्या तरी विचाराव्यात, कारण महिन्याच्या शेवटी त्यांचा फरक हजार-दोन हजारांनी जाणवतो. डिप्लोमाधारकांच्या किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलते आणि आता तो थेट उमेदवाराच्या आधार-जोडलेल्या खात्यात जमा होतो. सरकारचा वाटा कधी मागेपुढे येतो, म्हणून पहिल्या दोन महिन्यांच्या खोलीभाड्याची सोय घरून करून ठेवावी. उमेदवारी मिळवून देतो म्हणून कोणी पैसे मागितले, तर तो मनुष्य दलाल आहे. नोंदणीला शुल्क नाही.

कायद्याने हा मुलगा कामगार नाही, ही गोष्ट स्पष्ट समजून घ्यावी. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाप्रमाणे तो प्रशिक्षणार्थी असतो, आणि म्हणून त्याच्या विद्यावेतनातून भविष्य निर्वाह निधीची कपातही होत नाही. मात्र सुरक्षेची, आरोग्याची जबाबदारी आणि कामात इजा झाल्यास भरपाईची जबाबदारी मालकावरच राहते, आणि उमेदवारी सल्लागाराच्या (या कायद्याखालील सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय त्याच्याकडून ओव्हरटाइम करून घेता येत नाही. करारात तशी अट नसेल तर वर्ष संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन कारखान्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये उत्तर प्रदेशच्या एसटी महामंडळाच्या प्रकरणात एवढे म्हटले की इतर गोष्टी समान असतील तर प्रशिक्षित शिकाऊ उमेदवाराला थेट भरतीतील उमेदवारापेक्षा प्राधान्य द्यावे. ‘इतर गोष्टी समान असतील तर’ या शब्दांवर बोट ठेवून वाचावे. ‘नोकरी मिळणारच’ असे समजून गेलेला मुलगा दहाव्या महिन्यापासून निराश होतो आणि उरलेले दोन महिने, जे सर्वांत उपयोगाचे असतात, ते घालवतो.

येथे आणखी एक गोंधळ गावोगाव दिसतो. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणि ही उमेदवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या योजनेत डिप्लोमाधारकाला ८,००० रुपयेच मिळतात, त्यामुळे लोक दोन्ही एकच समजतात. परंतु तेथे काढलेले महिने १९६१ च्या अधिनियमाखालील उमेदवारी म्हणून धरले जात नाहीत. ग्रामपंचायतीत किंवा एखाद्या कार्यालयात मेकॅनिकलचा मुलगा सहा महिने नोंदी करीत बसला, तर त्याच्या हाताला त्यातून काही मिळत नाही.

आता प्रत्यक्ष वर्षाविषयी. पहिला आठवडा सुरक्षा प्रशिक्षण, ओळखपत्र आणि बुटांच्या मापात जातो. त्यानंतर जी वाटणी होते ती निर्णायक असते. मोठ्या कारखान्यात शिकाऊ मुलगा तीन ठिकाणी हरवू शकतो: स्टोअरमध्ये, प्लॅनिंगच्या संगणकापुढे, किंवा साहेबांच्या केबिनबाहेर. डिप्लोमाच्या मुलाचे अक्षर आणि टायपिंग चांगले असते, म्हणून त्याला हमखास एक्सेल शीट भरायला बसवले जाते. पंखा लावलेली, धूळ नसलेली ती जागा मे महिन्यात फार प्रिय वाटते. मी आग्रहाने सांगेन की मुलाने नम्रपणे, पण लेखी अर्ज देऊन, यांत्रिक देखभाल मागावी. आणि त्यातही क्रशर, मिल, किल्न (सिमेंटचा कच्चा माल भाजणारी फिरती भट्टी), पॅकिंग असे विभाग आळीपाळीने मिळावेत, असे म्हणावे. कराराबरोबर प्रशिक्षणाचा आराखडा असतो; त्याची प्रत प्रशिक्षण विभागाकडून मागून घेतली की बोलायला आधार राहतो.

देखभालीत गेल्यावर पहिले दोन-तीन महिने पाना धरणे, ग्रीस भरणे, चेन पुली ओढणे हेच काम येते आणि मुलाला वाटते की आपल्याला हेल्पर केले. ही तक्रार प्रत्येक तुकडीत होते. ती काही वेळा खरी असते, पण दोन-तीन महिन्यांवर निष्कर्ष काढू नये. जुना फिटर मिस्त्री तोंडाने शिकवत नाही. त्याने मागण्याआधी चोवीस-सत्तावीसचा पाना पुढे आला, आणि पुढच्या वेळी काढलेले नट-बोल्ट ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने पत्र्यावर मांडलेले दिसले, की तो आपोआप जवळ बोलावतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारावेत, यंत्र अडलेले असताना नव्हे. उलट बाजूने मुलाकडेही देण्यासारखे असते. बऱ्याच मिस्त्रींना ड्रॉइंग वाचण्याची सवय नसते. मुलाने कंपनीचे मॅन्युअल उघडून क्लिअरन्सचा (भागांमधील मोकळिकीचा) आकडा शोधून दिला, की दोघांचीही सोय होते. चंद्रपूरच्या कारखान्यांत मिस्त्री उत्तर प्रदेशचा, रिगर (जड भाग उचलून हलवणारा) छत्तीसगडचा, वेल्डर तेलंगणाकडचा असे चालते. आपला मुलगा वऱ्हाडीत बोलतो म्हणून त्याने संकोच करू नये. कामापुरती हिंदी महिनाभरात येते.

नेमके काय शिकावे, याची माझी निवड थोडी एकांगी आहे आणि ती तशीच ठेवतो. पहिले, अलाइनमेंट. मोटर आणि पंपाच्या शाफ्टची मध्यरेषा जुळवणे हे काम ज्याला येते, तो मुलगा कुठेही उपाशी राहत नाही. दोन शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या एका अर्ध्यावर डायल गेज (काट्याने सूक्ष्म फरक दाखवणारे मापक) बांधून दुसऱ्या अर्ध्यावर फिरवली, वर शून्य ठेवले आणि खाली ०.२० मिलिमीटर वाचन आले, तर उंचीतील खरा फरक ०.१० मिलिमीटर असतो, कारण फिरवलेली डायल फरक दुप्पट दाखवते. हे न कळल्यामुळे दुप्पट जाडीची शिम (पायाखाली घालायची पातळ पत्री) घालणारे डिप्लोमाधारक मी पाहिले आहेत. त्याहीआधी मोटारीचे चारही पाय बैठकीवर नीट टेकले आहेत का हे पाहायचे असते: एकेक बोल्ट ढिला करताना डायलचा काटा हलला, तर तो पाय अधांतरी आहे, आणि तो दुरुस्त केल्याशिवाय पुढचे सर्व मोजमाप फसवे ठरते.

दुसरे, बेअरिंग. ६३०८ या क्रमांकातील शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतील व्यास ४० मिलिमीटर निघतो. २२२१६ चा ८०. शाफ्टवर घट्ट बसणारे बेअरिंग ठोकून बसवावेच लागले, तर जोर फक्त आतल्या रिंगवर द्यावा. बाहेरच्या रिंगवर मार दिला, तर तो गोळ्यांमधून जाऊन रिंगमध्ये बारीक खळगे पाडतो, आणि ते बेअरिंग चालू झाल्या दिवसापासून आवाज करते. तापवून बसवायचे असेल तर इंडक्शन हीटरवर ११० अंशांच्या आसपास, १२० च्या वर नाही; गॅसच्या ज्योतीने तर कधीच नाही. काढलेले जुने बेअरिंग भंगारात टाकण्यापूर्वी कापून आतला पट्टा पाहायला मिळाला तर ती संधी सोडू नये. पट्टा तिरका असेल तर अलाइनमेंट, एकाच जागी खोल असेल तर भार, खरखरीत आणि मळकट असेल तर धूळ. सिमेंटमध्ये तिसरे कारण फार वेळा सापडते.

तिसरे, मोजमाप, आणि विशेषतः आपल्याकडच्या उन्हात. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश मानलेले आहे, आणि चंद्रपूरचा मे महिना ४५ अंशांच्या पुढे जातो. शंभर मिलिमीटर व्यासाचा पोलादी शाफ्ट २५ अंशांनी तापला तर साधारण ०.०३ मिलिमीटरने वाढतो. त्याच व्यासाच्या छिद्राला एच-७ या प्रमाण दर्जाची एकूण मुभा ०.०३५ मिलिमीटर असते, म्हणजे ऊन जवळजवळ सगळी मुभा एकटेच खाऊन टाकते. मायक्रोमीटर आणि जॉब एकाच सावलीत पुरेसा वेळ पडलेले असतील तर दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक राहत नाही. पण लेथवरून नुकताच उतरलेला किंवा उघड्यावर ट्रकमधून आलेला शाफ्ट लगेच मोजून त्यावर निर्णय घेऊ नये. हे पुण्याकडे छापलेल्या पुस्तकात एका ओळीत असते. आपल्याकडे ते रोजच्या कामाचा भाग आहे.

या सर्वांची खरी शाळा म्हणजे शटडाऊन, म्हणजे दुरुस्तीसाठी यंत्रे ठरवून बंद ठेवण्याचे दिवस. किल्नमध्ये माल १,४५० अंशांपर्यंत तापतो आणि ती महिनोन्‌महिने फिरत राहते; ती थांबवली जाते तेव्हाच आतल्या विटा बदलल्या जातात, टायर (किल्नभोवतीची जाड पोलादी कडी) आणि सपोर्ट रोलर तपासले जातात, गर्थ गिअरच्या (किल्न फिरवणाऱ्या मोठ्या दातेरी चक्राच्या) दातांतील मोकळीक मोजली जाते. क्रशरचे हॅमर, मिलच्या लायनर प्लेटा, मोठ्या पंख्यांचे इम्पेलर हे सर्व त्याच दिवसांत उघडते. वर्षभराचे निम्मे शिक्षण या काही आठवड्यांत होते, असे मी म्हणेन. घरी लग्न असो की पेरणी, या दिवसांत रजा घेऊ नये. शेतकरी घरातील मुलांची अडचण मला ठाऊक आहे: मृगाचा पाऊस पडला की घरून फोन येतो, पोळ्याला गावी जावेच लागते, कापूस वेचणीला माणूस मिळत नाही. पोळ्याची रजा आधी सांगून घ्यावी, कोणी नाही म्हणत नाही. पेरणीसाठी मात्र घरच्यांनी मजूर लावावा आणि मुलाला मोकळे ठेवावे. बिनहजेरीचे दिवस वाढले की विद्यावेतन कापले जाते आणि प्रशिक्षणाचा कालावधीही लांबू शकतो.

जिनिंगचा पर्याय मी हसण्यावारी नेणार नाही. तेथे मालक स्वतः जागेवर असतो, यंत्रे मोजकी असतात आणि मुलाला आठवड्याभरात हात लावू देतात. पण जिनिंग म्हणजे ऋतूप्रमाणे बदलणारे दोन वेगळे कारखाने आहेत. दिवाळीनंतर कापूस आला की फेब्रुवारी-मार्चपर्यंत यंत्र थांबवायचे नसते. त्या काळात मुलगा फक्त ढिगावर उभा राहील, पट्टे ताणेल, १७० किलोच्या गाठी मोजेल. हंगाम संपल्यावर डबल रोलर जिनचे चामड्याचे रूळ उतरवले जातात, खाचा पाडल्या जातात, स्थिर सुरी आणि हलती सुरी यांच्यातील अंतर पुन्हा बसवले जाते, प्रेसच्या हायड्रॉलिक सिलिंडरची सीले बदलली जातात. जिनिंगमध्ये शिकायचे असेल तर उन्हाळ्यात जावे. चारपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला या कायद्याखाली उमेदवार घेता येत नाही, आणि तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के उमेदवार घेणे बंधनकारक आहे. तुमच्या गावाजवळची जिनिंग या मधल्या गटात बसत असेल तर मालकांना अधिकृत नोंदणी करायला सांगावे. नोंदणी नसलेले ‘ये, शिक’ हे कागदावर काहीच राहत नाही.

ठेकेदाराच्या चौदा हजारांबाबत एकच प्रश्न विचारावा: काम कशावर? डंपर आणि डोझरच्या वर्कशॉपमध्ये इंजिन, ट्रान्समिशन, हायड्रॉलिक पंप उघडत असतील तर तेही शिक्षण आहे, आणि उमेदवारीनंतर तेथे अवश्य जावे. कन्व्हेयरखाली सांडलेला कोळसा उचलण्याचे काम असेल, तर डिप्लोमाची गरजच नव्हती.

सुरक्षेविषयी दोन गोष्टी मुलाला घरूनच सांगाव्यात. आपल्याकडे उन्हापासून बचावासाठी डोक्याला-गळ्याला दुपट्टा गुंडाळण्याची सवय आहे. कारखान्याच्या गेटपर्यंत तो असू द्यावा. फिरत्या शाफ्टजवळ, लेथजवळ, कन्व्हेयरच्या पुलीजवळ गळ्यात कापड असता कामा नये, कारण ते पकडले गेले तर सुटायला वेळ मिळत नाही. दुसरी गोष्ट, ‘बंद आहे, जा’ या शब्दावर कोणत्याही यंत्रात हात किंवा डोके घालू नये. परमिट (कामाची लेखी परवानगी) निघाले का, वीजपुरवठा तोडून कुलूप लागले का, आणि किल्ली कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न सर्वांत नवख्या मुलालाही विचारण्याचा अधिकार आहे. मिस्त्री चिडला तरी चालेल. ज्या ठिकाणी हे विचारल्यावर मुलाला हसतात, त्या ठिकाणाहून प्रशिक्षण विभागाकडे बदली मागावी.

राहण्याबाबत फार लिहीत नाही. पहिली पाळी सकाळी सहाला सुरू होत असल्याने गावाहून एसटीने येणे-जाणे जमत नाही. कारखान्याजवळच्या गावात तिघा-चौघांनी मिळून खोली घ्यावी आणि शक्य असल्यास एक जण आयटीआय फिटर असावा. डिप्लोमाचा मुलगा त्याच्याकडून कानस धरायला शिकतो आणि तो याच्याकडून ड्रॉइंग.

एक वही मात्र रोज लिहावी. यंत्राचे नाव, काय बिघडले, काय निघाले, निघालेल्या भागाचे माप, नव्या भागाचे माप, किती क्लिअरन्स ठेवला, आणि हाताने काढलेली आकृती. पुढच्या मुलाखतीत समोरचा अभियंता ‘उमेदवारीत काय केले?’ एवढेच विचारतो, आणि ‘मेंटेनन्समध्ये होतो’ या उत्तरावर त्याचा रस संपतो. ‘बकेट एलिव्हेटरच्या हेड शाफ्टचे बेअरिंग बदलले, बसवण्यापूर्वीचा आणि नंतरचा क्लिअरन्स इतका होता’ असे सांगणाऱ्या मुलाला पुढचा अर्धा तास मिळतो.

वर्ष संपताना डिप्लोमाधारकाला मुंबईच्या शिकाऊ उमेदवारी प्रशिक्षण मंडळाचे प्राविण्य प्रमाणपत्र मिळते. आयटीआयच्या मुलांना मात्र अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा द्यावी लागते आणि त्यानंतर राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रमाणपत्र मिळते, ज्याच्या आधारे रेल्वेच्या लेव्हल-१ (सर्वांत खालच्या श्रेणीच्या) भरतीत २० टक्के जागा अशा उमेदवारांसाठी राखीव असतात. दोन्ही प्रमाणपत्रांसाठी करार उमेदवारीच्या सरकारी पोर्टलवर नोंदलेला असणे आवश्यक आहे, म्हणून रुजू झाल्याच्या पहिल्याच महिन्यात नोंदणी क्रमांक मागून घ्यावा आणि त्यावरील नाव व जन्मतारीख गुणपत्रिकेशी ताडून पाहावी. ठेकेदाराला होकार-नकार कळवण्यापूर्वी मुलाने कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाला फोन करून दोन गोष्टी विचाराव्यात: आपल्याला कोणकोणत्या विभागात ठेवणार, आणि पुढचा मोठा शटडाऊन कोणत्या महिन्यात आहे. पहिल्याचे उत्तर स्टोअर किंवा कार्यालय असे आले आणि बदल होणारच नाही असे सांगितले गेले, तर मीही त्या पत्राचा फेरविचार करायला सांगेन, आणि कोराडी, पारस किंवा चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रांच्या तसेच वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उमेदवारीच्या जाहिरातींकडे लक्ष ठेवायला सुचवेन.